सात दिवसांची योजना आणि तीन महिन्यांनी बसणारे हाड

रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाला केवळ खिशात पैसे नाहीत म्हणून रुग्णालयाच्या दारातून परत जावे लागू नये, हे तत्त्व या देशात कागदावर येण्यासही फार वेळ लागला. मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली. पण तिच्या अंमलबजावणीची योजना काही तयार होईना. अखेर जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली आणि ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिनांकापासून कमाल सात दिवस, माणशी दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत रोख रक्कम न भरता उपचार, असे तिचे स्वरूप आहे. उशिरा का होईना, योजना आली याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र स्वागत करताना त्या सात दिवसांच्या आकड्याकडे जरा निरखून पाहणे आवश्यक आहे. मोडलेल्या हाताचा हिशेब कदाचित सात दिवसांत मिटत असेल. मेंदूला मार लागलेल्याचा मिटत नाही. ज्याचा जीव वाचवण्यासाठी कवटीचे हाड काढावे लागते, त्याची दुसरी शस्त्रक्रिया, म्हणजे ते हाड किंवा त्याच्या जागी दुसरे काही बसवण्याची शस्त्रक्रिया, सर्वसाधारणपणे सहा आठवडे ते सहा महिन्यांनी होते. तोवर सात दिवस संपलेले असतात, दीड लाख संपलेले असतात, आणि बहुतेक घरांत दागिनेही संपलेले असतात.

हा विषय केवळ मेंदूशल्यविशारदांचा आहे असे समजून साप्ताहिकांनी तो आजवर सोडून दिला. वस्तुतः त्यात वैद्यक जेवढे आहे, तेवढेच अर्थशास्त्र आहे.

कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढेच मावते. चौथ्या वस्तूला जागा नाही. मार लागून मेंदूला सूज आली किंवा रक्त साकळले की पेटीतील दाब वाढतो, मेंदूला होणारा रक्तपुरवठा खुंटतो आणि माणूस दगावतो. औषधांनी दाब उतरला नाही तर शल्यविशारद कवटीच्या एका बाजूचे हाड कापून बाजूला काढतात, म्हणजे सुजलेल्या मेंदूला पसरायला वाव मिळतो. कोखर आणि कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या उपायाची मांडणी केली. काढलेला तुकडा लहानसहान नसतो. १२ बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पसरलेल्या तळहाताहून मोठा. अर्धांगवायूच्या मोठ्या झटक्यातही हाच उपाय कधी कधी करावा लागतो.

या शस्त्रक्रियेने किती साधते, याविषयी बरीच वर्षे वाद होता आणि अजून तो पूर्णपणे शमलेला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५५ रुग्णांवरील 'डेक्रा' चाचणीत दाब कमी झाला, पण रुग्णांची अवस्था सुधारली नाही. उलट ती अधिक वाईट दिसली. २०१६ च्या 'रेस्क्यू-आयसीपी' चाचणीत ४०८ रुग्ण होते. तिच्यात सहा महिन्यांअखेर केवळ औषधोपचार मिळालेल्यांपैकी ४८.९ टक्के मरण पावले होते, तर हाड काढलेल्यांपैकी २६.९ टक्के. फरक लहान नाही. मात्र वाचलेल्यांपैकी अनेक जण परावलंबी राहिले, हेही त्याच निबंधात नोंदलेले आहे. अर्थात ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. जगणे परत मिळवून देण्याचे काम त्यानंतर सुरू होते. कवटीची दुरुस्ती हा त्या नंतरच्या कामाचा पहिला टप्पा होय.

हाड नसलेला माणूस घरी जातो तेव्हा त्याचे डोके एका बाजूने खोलगट झालेले असते. कातडीखाली मेंदूचे ठोके डोळ्यांना दिसतात. लोक पाहतात, मुले घाबरतात. दिसण्याचा प्रश्न क्षुल्लक मानणाऱ्यांनी अशा माणसाबरोबर एकदा बसमधून प्रवास करावा. परंतु प्रश्न दिसण्यापुरता नाही. १९३९ मध्येच ग्रँट आणि नॉरक्रॉस यांनी अशा रुग्णांची डोकेदुखी, घेरी, चिडचिड आणि मनात ठाण मांडून बसलेली भीती यांचे वर्णन करून ठेवले आहे. हाडाचा आडोसा गेला की बाहेरच्या हवेचा दाब कातडीवाटे थेट मेंदूवर येतो, रक्ताचा आणि पाण्याचा प्रवाह बिघडतो. काही रुग्णांच्या हातापायांतील शक्ती किंवा बोलणे या कारणाने मागे पडते आणि कवटी बंद केल्यावर आश्चर्य वाटावे इतक्या वेगाने परत येते. सर्वांच्या बाबतीत असे घडत नाही. पण कोणाच्या बाबतीत घडेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे प्रत्येकाची दुरुस्ती वेळेवर होणे महत्त्वाचे ठरते.

आणि मजुरीचे काय? मराठीत ओझे वाहणाऱ्या कामगाराला माथाडी म्हणतात. १९६९ चा महाराष्ट्राचा कायदाही त्याच नावाने ओळखला जातो. माथ्याचे एका बाजूचे हाड नसलेला माणूस त्या कामाला हात लावू शकत नाही. त्याला परातीवर चढता येत नाही, गर्दीच्या लोकलमध्ये घुसता येत नाही, उसाच्या फडात वाकता येत नाही. डॉक्टर सांगतात, 'डोके जपा, हेल्मेट घाला'. अपघाताआधी जे घालायचे राहिले, ते आता घरात बसून घालायचे. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले बिनहेल्मेटचे होते. हे आकडे केंद्रीय वाहतूक मंत्रालयाचे आहेत. जखमींपैकी किती जणांचे हाड काढले आणि किती जणांचे परत बसले, याचा रकाना त्या अहवालात नाही.

आता त्या काढलेल्या हाडाचे काय होते ते पाहू. त्याला तीन वाटा असतात. पहिली वाट शीतपेटीची. हाड स्वच्छ करून, निर्जंतुक वेष्टनांत गुंडाळून उणे ७० ते ८० अंश सेल्सिअसला ठेवले जाते. त्यासाठी तसा फ्रीझर लागतो, अखंड वीज लागते आणि नोंदवही काटेकोर ठेवणारा माणूस लागतो. तिसऱ्या गोष्टीचा तुटवडा पहिल्या दोहोंपेक्षा अधिक असतो. दुसरी वाट जुनी, १९२० च्या सुमारास सुचलेली आणि आजही भारतातील अनेक रुग्णालयांत चालणारी आहे. रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली, चरबीच्या थरात एक खिसा करून हाड तेथे ठेवायचे. परक्याला हे ऐकून विचित्र वाटेल. पण विचार केला तर यासारखी काटकसरीची कोठी दुसरी नाही. तिला वीज लागत नाही, भाडे लागत नाही, चिठ्ठी हरवत नाही. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेला, गावी गेला, पत्ता बदलला, तरी त्याची ठेव त्याच्याबरोबर जाते. पोटावर एक जास्तीची जखम होते आणि क्वचित तेथे जंतुसंसर्ग होतो, एवढा तिचा दोष.

तिसरी वाट कचऱ्याच्या पिशवीची. हाडाचा चुरा झालेला असेल, जखम मातीने बरबटलेली असेल, तर ते टाकून देणे योग्यच. पण फ्रीझर नाही, पोटात ठेवण्याइतका वेळ नाही, म्हणून चांगले हाड टाकले जाते तेव्हा रुग्णाची मालमत्ता नष्ट होत असते. दुसऱ्या भाषेत बोलायचे तर त्या क्षणी एका ग्राहकाची निर्मिती होते. ज्याचे हाड गेले, त्याला पुढे काही तरी विकत घेणे भाग आहे.

काय विकत घ्यायचे, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. सोळाव्या शतकात युरोपात सोन्याच्या पत्र्याने कवटीचे छिद्र झाकल्याच्या नोंदी मिळतात. सोन्याचा पत्रा मऊ आणि महाग. राजेरजवाड्यांखेरीज तो कोणाला परवडणार होता? सतराव्या शतकात हॉलंडचा शल्यविशारद योब फान मेकेरेन याने एका रशियन सरदाराची हकीकत लिहून ठेवली. तलवारीने फुटलेल्या त्याच्या कवटीत कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवण्यात आला आणि जखम उत्तम भरून आली. पण मनुष्याच्या डोक्यात जनावराचे हाड म्हणून चर्चने त्याला बहिष्कृत केले, आणि बिचारा ते हाड काढून टाका म्हणून विनवू लागला. जखमेपेक्षा समाज कठीण, याचा हा वैद्यकातील जुना दाखला. पुढे १८८० च्या दशकात ग्लासगोचे विल्यम मॅकएवेन यांनी रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचे तुकडे परत बसवून ते जगतात हे दाखवले, आणि स्वतःच्या हाडाचा पक्ष बळकट झाला.

त्यानंतरची कहाणी प्रामुख्याने कारखान्यांची आणि युद्धांची आहे. हस्तिदंताऐवजी बिलियर्डचे चेंडू करण्याच्या खटपटीतून सेल्युलॉइड पुढे आले. १८९० च्या दशकात ते कवटीत गेले आणि त्याभोवती पाणी साचू लागल्याने बाहेर आले. ॲल्युमिनियम स्वस्त झाले, म्हणून तेही वापरून पाहिले. मेंदू चिडून फेपरे येऊ लागले. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळ्या आणि गोळ्यांचे तुकडे लागलेले हजारो शिपाई निर्माण झाले आणि चांदीचा पत्रा वापरात आला. तो काळवंडे आणि धक्क्याने चेपे. दुसऱ्या महायुद्धात टँटलम आले. हा धातू गंजत नाही, शरीराला सोसतो, हाताने वाकवता येतो. परंतु पाण्याच्या सोळा-सतरा पट जड आणि उष्णतेचा वाहक. उन्हात डोके तापे, थंडीत गारठे, आणि रुग्ण डोकेदुखीने हैराण होत. शिवाय महाग. त्याच काळात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांसाठी तयार झालेले ॲक्रिलिक, शास्त्रीय भाषेत पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट, शल्यविशारदांच्या हाती पडले. १९४० च्या सुमारास ते कवटीत बसवले गेले आणि आजतागायत तेथे टिकून आहे. १९६० च्या दशकात विमान उद्योगातूनच टायटॅनियमही आले. माणसाच्या डोक्यासाठी असे साहित्य सहसा कोणी शोधले नाही. अन्य कारणासाठी शोधलेले त्याच्या वाट्याला आले. ते बरे निघाले याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, पण संशोधनाचा पैसा कोठे वाहतो हे त्यातून कळते.

ॲक्रिलिकचे गुण सर्वांच्या परिचयाचे आहेत, कारण खोट्या दातांची कवळी त्याचीच होते. ते हलके, मजबूत, उष्णता न वाहणारे आणि क्ष-किरणांना आड न येणारे आहे. पूड आणि द्रव एकत्र कालवले की पीठ होते, त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावरच आकार देता येतो. दोष असा की घट्ट होताना ते ८० अंशांच्या आसपास तापते. म्हणून सतत थंड पाणी सोडावे लागते, आणि न मुरलेले रसायन ऊतींना त्रास देऊ शकते. हा दोष टाळण्याची युक्तीही जुनी आहे. तुकडा आधीच साच्यात, दंतशाळेतील कवळीप्रमाणे, उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर पक्का करून घ्यायचा आणि निर्जंतुक करून बसवायचा.

टायटॅनियम हे आजचे प्रतिष्ठित साहित्य. ते हलके आहे, गंजत नाही, चुंबकीय तपासणीला अडथळा आणत नाही, जंतू त्यावर सहजी ठाण मांडत नाहीत. सपाट जाळी वाकवून बसवली तर खर्च मर्यादित राहतो. संगणकावर रुग्णाच्या मापाने तयार केलेला पत्रा मात्र महाग पडतो. त्याच्याही वरच्या पायरीवर पॉलिईथर-ईथर-कीटोन हे प्लास्टिक आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पीक' म्हणतात; शेतकऱ्याच्या पिकाशी त्याचा संबंध एवढाच की ते बसवायचे झाल्यास कधी कधी शेत विकावे लागते. हाडासारखी ताठरता, अचूक आकार, उत्तम रूप हे त्याचे गुण निर्विवाद आहेत, आणि किंमत सहजच लाखाच्या पलीकडे जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण गरिबांच्या बाजूने बोलताना स्वस्त तेच उत्तम असे म्हणण्याचा मोह होतो. स्वतःचे हाड फुकट असते, पण ते नेहमी टिकत नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे ६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, ज्यांना स्वतःचे हाड बसवले त्यांच्यापैकी पाचांत एकाहून किंचित अधिक जणांचे हाड पूर्णपणे झिजून विरले आणि त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. टायटॅनियमच्या बाबतीत असे अपयश आले नाही. लहान मुलांत हाड विरण्याचे प्रमाण आणखी मोठे असते. तेव्हा पहिल्या खर्चाबरोबर दुसऱ्याची शक्यताही हिशेबात धरावी लागते. ज्या देशात शस्त्रक्रियागृहाची वेळ महाग, तेथे टायटॅनियम स्वस्तही पडू शकेल. जेथे साहित्य महाग आणि माणसाचे श्रम स्वस्त, तेथे आधी स्वतःचे हाड आणि ते विरलेच तर ॲक्रिलिक, हा क्रम अजून समर्थनीय आहे. पण तो क्रम विवेकाने निवडलेला असावा. पैसे नाहीत म्हणून पदरी पडलेला नसावा.

बाजारात मात्र निवड विवेकाने होत नाही. मेंदूच्या रुग्णाचा नातेवाईक हा अर्थशास्त्राच्या पुस्तकातील सुजाण ग्राहक नव्हे. त्याला वस्तूची माहिती नाही, दुसऱ्या दुकानात जाण्याची सवड नाही, आणि 'चांगले बसवा' याखेरीज त्याच्या तोंडून दुसरे वाक्य निघत नाही. हृदयाच्या स्टेंटबाबत हेच चालले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्यापूर्वी औषधयुक्त स्टेंटची छापील किंमत लाखावर असे, आणि मधल्या नफ्याचा सर्वांत मोठा वाटा रुग्णालयांच्याच पदरात पडत असल्याचे प्राधिकरणाच्या माहितीवरून उघड झाले. आकाश काही कोसळले नाही. त्याच वर्षी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीही बांधल्या गेल्या. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली. तरीही कवटीच्या पत्र्याला आणि जाळीला अशी कमाल किंमत लागू झालेली नाही. हृदयाचे रुग्ण मध्यमवर्गात पुष्कळ आहेत, कवटी फुटलेले रुग्ण प्रामुख्याने दुचाकीवरील आणि परातीवरील श्रमिक आहेत. या फरकाचा त्या विलंबाशी संबंध नसेल असे मानणे कठीण आहे.

किंमत बांधणे हा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा उत्पादनाचा आहे, आणि त्याचे उदाहरण याच ॲक्रिलिकच्या इतिहासात सापडते. युद्धात विमानाच्या छताचे तुकडे डोळ्यांत गेलेल्या वैमानिकांचे डोळे ते तुकडे सोसतात, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले आणि त्यांनी १९४९ मध्ये ॲक्रिलिकचे भिंग डोळ्यात बसवले. मोतीबिंदूनंतर बसवायचे ते भिंग पुढे चाळीस वर्षे श्रीमंत देशांची मिरास राहिले. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी निगडित ऑरोलॅबने ते स्वतः बनवायला घेतले आणि शंभर डॉलरच्या घरातील वस्तू दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. नफा हे उद्दिष्ट नसलेल्या संस्थेने हे केले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने, हृदयाची कृत्रिम झडप तयार केली. ती डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवण्यात आली. झडपेच्या मानाने कवटीचा तुकडा ही साधी वस्तू आहे. तिला उघडझाप करावी लागत नाही, रक्ताशी तिचा संबंध नाही. नीट आकार, नीट निर्जंतुकीकरण आणि घट्ट बसणे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

महाराष्ट्राला तर यासाठी मदुराईपर्यंतही जावे लागू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. त्यांच्या कृत्रिम दंतशास्त्र विभागांत माप घेणे, प्लास्टरचा साचा काढणे, मेणाची प्रतिकृती घडवणे आणि ॲक्रिलिक शिजवणे हे रोजचे काम आहे. कवळी करणाऱ्या हातांना कवटीचा तुकडा करणे अवघड नाही. देशातील काही दंत महाविद्यालयांनी तसे तुकडे करून दिल्याचे त्यांच्या निबंधांतून वाचायला मिळते. आता सीटी स्कॅनच्या आधारे शाबूत बाजूचे प्रतिबिंब घेऊन त्रिमिती छपाईच्या यंत्रावर साचा काढता येतो. यंत्राची किंमत फार राहिलेली नाही, आणि एका यंत्रावर अनेक जिल्ह्यांचे काम होऊ शकते. अर्थात हौसेवर हे चालणार नाही. त्याला दर्जाची तपासणी हवी, परवाना हवा, बिघडल्यास जबाबदार कोण हे ठरलेले हवे. पण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील रुग्णासाठी शेजारच्या शासकीय दंत महाविद्यालयाने तुकडा घडवावा, यासाठी मंत्रालयातील एका आदेशाहून अधिक काही लागत असेल असे दिसत नाही. दोन्ही महाविद्यालये एकाच खात्याच्या अखत्यारीत आहेत!

दुरुस्तीची सर्वांत स्वस्त पद्धत मात्र हाड न काढण्याची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेस्क्यू-एएसडीएच' चाचणीत, मेंदूवर रक्त साकळलेल्या ज्या रुग्णांचे हाड परत बसवणे शक्य होते, त्यांच्यापैकी निम्म्यांचे बसवले आणि निम्म्यांचे बाहेर ठेवले. वर्षअखेर दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती. हाड परत बसवलेल्यांपैकी १४.६ टक्क्यांवर पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, बाहेर ठेवलेल्यांपैकी ६.९ टक्क्यांवर, जखमेची दुखणी मात्र बाहेर ठेवलेल्या गटात तिप्पट होती. ज्याला पुन्हा रुग्णालयाची पायरी चढणे परवडणारे नाही, त्याच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. हाड सैल ठेवून, एका बाजूने बिजागरीसारखे बांधून सुजेला वाव देण्याच्या पद्धतीही काही ठिकाणी वापरल्या जातात. त्या सर्वांना लागू नाहीत; पण कोणाला लागू आहेत, याचा अभ्यास भारतातच व्हायला हवा.

सरकारी बाजूने असे सांगितले जाईल की सात दिवसांनंतर आयुष्मान भारत आहे, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांची झाली आहे, आणि कवटीदुरुस्ती आयुष्मानच्या उपचारांच्या यादीत आहे. हे खरे आहे. परंतु ही शस्त्रक्रिया तातडीची नसते, आणि जे तातडीचे नाही ते सरकारी रुग्णालयाच्या यादीत नेहमी खाली सरकते. आज खाट नाही, उद्या भूलतज्ज्ञ नाही, परवा एक नवा अपघात दारात आलेला असतो. रुग्णाला स्वतःला धड बोलता येत नसते. बरोबर येणाऱ्याचा दिवसाचा रोज बुडतो. तीन खेपांनंतर तो यायचा थांबतो. कोणीही नकार दिलेला नसतो. नुकसानभरपाईच्या कायद्याची तऱ्हाही पाहण्याजोगी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमावण्याच्या शक्तीची हानी ३० टक्के, तर्जनी गेल्यास १४ टक्के, असे बोटाबोटाचे दर दिलेले होते. कवटीच्या हाडाला त्या यादीत दर नव्हता. तो प्रत्येक वेळी डॉक्टरच्या दाखल्यावर आणि वकिलाच्या युक्तिवादावर ठरायचा.

तेव्हा योजनेत बदल करायचा तो असा. अपघातानंतरच्या सात दिवसांत ज्याच्या कवटीचे हाड काढले गेले, त्याची कवटी बंद करण्याची शस्त्रक्रिया ही त्याच उपचाराचा राहिलेला भाग मानावी. तिचा खर्च त्याच निधीतून, सहा महिन्यांच्या आत केव्हाही, देशातील कोणत्याही नेमलेल्या रुग्णालयाला मिळावा. ज्या रुग्णालयाने हाड काढले, त्याने ते बंद होईपर्यंत रुग्णाचा पाठपुरावा करावा; तो न केल्यास पहिल्या शस्त्रक्रियेच्या बिलाचा काही भाग रोखून धरावा. खासगी रुग्णालयांना रक्कम अडकल्याशिवाय पाठपुरावा आठवत नाही, आणि सरकारी रुग्णालयांना तो आठवला तरी करायला माणूस नसतो. त्यांच्यासाठी समाजसेवा अधीक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतील. कवटीच्या पत्र्याची, जाळीची आणि ॲक्रिलिकची कमाल किंमत प्राधिकरणाने जाहीर करावी.

आणि यांतले काहीही होण्याची वाट न पाहता, उद्या सकाळपासून, प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला घरी पाठवताना द्यायच्या कागदावर ठळक मराठीत, आणि रुग्ण परप्रांतीय असेल तर त्याच्या भाषेत, एवढे लिहून द्यावे: हाड कोणत्या बाजूचे काढले, ते कोठे ठेवले आहे, पोटात की शीतपेटीत, शीतपेटीत असल्यास कोणत्या क्रमांकाने आणि कोणत्या तारखेपर्यंत, टाकून दिले असल्यास का, आणि परत बसवण्यासाठी कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोणाला भेटायचे.